हिजाबमुळेच झालं कशावरून? हे मुलीला विचारण्याआधी थोडं वाचा

ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस झाले, घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून थांबले. तुम्ही लिहिलंय की मुलगी सोलापूरला बीफार्म करून सात महिन्यांपासून पुण्यात आहे, हिजाब घालते, म्हणजे चेहरा उघडा, डोकं आणि मान झाकलेली, चार इंटरव्ह्यू झाले, त्यातले दोन अगदी छान गेले आणि नंतर फोनच आला नाही, पीजी दोनदा बदलावी लागली, आणि फोनवर ती म्हणते की हे सगळं हिजाबमुळे होतंय. तिचे अब्बा म्हणतात बाहेर काढून ठेव, घरी आल्यावर घाल. आणि तुम्ही विचारताय, खरंच हिजाबमुळे होतं की पोरीने मनात धरलंय, आणि काढायला सांगावं का.

आधी मी कोण ते सांगते. मी चिपळूणकडची, शाळा मराठी, घरात कोकणी-मराठीच. पुण्यात अकरा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये काढली, कंपन्यांना माणसं शोधून द्यायचं काम, आणि गेली आठ वर्षं नोकरी शोधणाऱ्या आणि नोकरीत टिकून राहायची धडपड करणाऱ्या मुलींचं काउन्सेलिंग करते, त्यात निम्म्याहून जास्त मुस्लिम मुली. मी स्वतः डोकं झाकत नाही, माझी धाकटी बहीण झाकते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिने स्वतःच सुरू केलं, घरात कोणी सांगितलं नव्हतं, उलट आई म्हणाली होती एवढ्यात कशाला. एकच आडनाव, एकच घर, चेहरेपट्टीही सारखी, फरक फक्त त्या सव्वा मीटर कापडाचा. त्यामुळे आम्ही दोघी बरोबर बाहेर पडलो की मला जे दिसतं ते एकटीला कधीच दिसलं नसतं.

लक्ष्मी रोडला साडी बघायला गेलो होतो. दुकानदार माझ्याशी मराठीत बोलतोय, तिच्याकडे वळला की हिंदी, "आपको कौनसा कलर चाहिये". तिने मराठीत सांगितलं की तो खूश होऊन म्हणतो, अरे वा, छान मराठी येतं की तुम्हाला. तिला दहावीला मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क होते हो! माणूस वाईट नव्हता, कौतुकानेच बोलला, पण बहीण घरी येईपर्यंत गप्प होती आणि मग म्हणाली, माझ्याच गावात मला रोज पाहुणी करतात. बँकेत मला "मॅडम बसा", तिला "ओरिजिनल आणलंय का". पीएमपीएमएलच्या बसमध्ये तिच्या शेजारची सीट सगळ्यात शेवटी भरते, हे मी आधी मानत नव्हते, मग मीच लक्ष ठेवायला लागले आणि आता मानते. मॉलच्या दाराशी माझ्या पर्समध्ये टॉर्च नुसता फिरतो, तिच्या पर्समध्ये हात जातो. आणि याच पुण्यात रस्त्यावर बघा, स्कूटीवरच्या शेकडो मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळलेल्या, वर सनकोट, हातमोजे, त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही, तो ऊन-धुळीचा स्कार्फ. माझ्या बहिणीचा चेहरा तर पूर्ण उघडा असतो.

यातली एकेक गोष्ट घेतली तर पोलिसात सोडाच, घरात सांगायला पण लाज वाटावी एवढी छोटी आहे. सीट रिकामी राहिली, त्यात काय. दुकानदार हिंदीत बोलला, त्यात काय. म्हणून मुली सांगत नाहीत, आणि कधी सांगितलंच तर समोरचा म्हणतो, अगं त्याचा मूड नसेल, तू उगाच मनाला लावून घेतेस. खरं सांगू का, आठ वर्षं ऐकल्यावर माझं मत असं झालंय की अपमानापेक्षा मुलींना जास्त पोखरतो तो हा हिशोब. हे माझ्यामुळे झालं, माझ्या हिजाबमुळे झालं, का तो माणूस सगळ्यांशीच असा वागतो? दिवसातून दहा वेळा हा हिशोब करायचा आणि उत्तर कधीच मिळणार नाही. माझ्या बहिणीजवळ पडताळून बघायला मी तरी असते. तुमच्या मुलीजवळ कोणी नाही, आणि घरी फोन केला की आईसुद्धा विचारते, हिजाबमुळेच झालं कशावरून?

रागावू नका, तुम्ही काळजीपोटी विचारता हे मला कळतं. पण तिच्या कानाला तो उलटतपासणीसारखा लागतो. पुरावा आणायचं काम तिचं नाहीये.

आणि ही नुसती आमची तुमची कहाणी नाही. देशातल्या मुस्लिमांची परिस्थिती बघायला सरकारने नेमलेल्या सच्चर समितीचा अहवाल २००६ साली संसदेत मांडला गेला, त्यात स्पष्ट लिहिलंय की बुरखा घालणाऱ्या बायकांना बाजारात, दवाखान्यात, शाळेत, बस-रेल्वेत उद्धट वागणूक मिळते अशी त्यांची तक्रार आहे. लोक त्या अहवालातले नोकऱ्यांचे आणि शिक्षणाचे आकडे सांगतात, हा भाग फारसं कोणी सांगत नाही. तेव्हा ज्या मुली शाळेत होत्या त्यांच्या आता मुली शाळेत आहेत.

आता इंटरव्ह्यूचं. इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, आजही ती आठवली की पोटात गोळा येतो. रिक्रूटमेंटमध्ये असताना एका क्लायंटला रिसेप्शन-कम-अ‍ॅडमिनसाठी मुलगी हवी होती. माझ्याकडे एक उमेदवार होती, टायपिंग फास्ट, तीन भाषा, बोलायला गोड, हिजाब घालणारी. क्लायंटने मला काहीही सांगितलेलं नव्हतं, एक शब्दसुद्धा नाही. मीच मनात म्हटलं, फ्रंट डेस्क आहे, ते नको म्हणतील, पोरीला उगाच फेरी कशाला, आणि तिचा सीव्ही पाठवलाच नाही. मी, स्वतः मुस्लिम, जिची सख्खी बहीण हिजाब घालते ती मी! तिला मी "पोझिशन क्लोज झाली" असा मेसेज केला. त्या मुलीला आयुष्यात कधी कळणार नाही की तिच्याशी भेदभाव झाला, आणि तो कोणी केला. हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्हाला कळावं की हे कसं चालतं. कुठल्याही फाइलमध्ये "हिजाब नको" असं लिहिलेलं सापडणार नाही. "कल्चर फिट नाही", "क्लायंट फेसिंग रोल आहे", "अजून प्रेझेंटेबल हवी होती", "आम्ही कळवतो" असं असतं. आणि बऱ्याचदा समोरच्या माणसाला स्वतःलाही वाटत नाही की आपण काही चूक केली, त्याला वाटतं आपण फक्त पुढच्याच्या मनातलं ओळखलं.

२०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशन या संस्थेने एक प्रयोग केला होता. दोन सीव्ही, शिक्षण-अनुभव सारखंच, एकावर नाव हबीबा अली आणि दुसऱ्यावर प्रियांका शर्मा. हजार जागांसाठी दोन्ही पाठवले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. म्हणजे जवळपास अर्धे. आता यातली खरी गोष्ट बघा, सीव्हीवर फोटो नव्हताच. हिजाब कोणी बघितलाच नव्हता. नुसतं नाव.

म्हणून तिच्या अब्बांना माझा निरोप द्या की भाई, तुम्ही सांगताय ते चुकीच्या भावनेने सांगत नाही हे मला माहितीये, पोरीला त्रास होऊ नये एवढंच तुम्हाला वाटतंय. पण हिजाब काढल्याने रस्त्यावरचा, बसमधला, दुकानातला त्रास कमी होईल, हो, होईल, मी खोटं बोलणार नाही. पण नोकरीच्या दारात नाव तेच राहणार. आणि त्यासाठी पोरीने किंमत काय द्यायची, तर रोज सकाळी पीजीच्या जिन्यात घडी घालून बॅगेत ठेवायचं आणि संध्याकाळी परत बांधायचं. माझ्याकडे अशा मुली आल्यात. त्यातली एक म्हणाली, मावशी, मला ऑफिसात सतत भीती वाटते की रस्त्यात कोणीतरी मला हिजाबमध्ये बघेल आणि उद्या विचारेल. दोन माणसं बनून जगणं फार थकवतं. काही मुलींनी विचार करून काढला आणि त्या खुशीत आहेत, त्यांच्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, मी स्वतः घालत नाही तर मी कोण बोलणारी. पण ते तिच्या मनाने ठरलं पाहिजे, पीजीवालीच्या किंवा एचआरच्या भीतीने नाही, आणि ताई, तुमच्या-आमच्या भीतीनेही नाही.

तुमची मुलगी फार्माची आहे म्हणून थोडं त्याबद्दल, कारण या लाइनमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "आमच्याकडे जीएमपी आहे, चालणार नाही." जीएमपी म्हणजे औषधं बनवतानाचे स्वच्छतेचे आणि दर्जाचे नियम. ती म्हणाली ना तुम्हाला तिसऱ्या इंटरव्ह्यूत असंच काहीतरी विचारलं? मी फार्मा कंपन्यांसाठी भरपूर भरती केलेली आहे, नीट ऐका. प्रॉडक्शनच्या क्लीन एरियात आणि मायक्रो लॅबच्या, म्हणजे जंतू तपासायच्या लॅबच्या, स्टराइल भागात बाहेरचं कुठलंच कापड चालत नाही, कोणाचंच नाही. टिकली नाही, बांगड्या नाही, मंगळसूत्र नाही, घड्याळ नाही, मेकअप नाही. चेंज रूममध्ये कंपनीचा गाऊन चढवायचा, डोक्यावर हूड, तोंडावर मास्क, हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल. तिथे गेल्यावर हिजाबवाली कोण आणि बिनहिजाबवाली कोण, कोणाला ओळखूसुद्धा येत नाही, सगळ्यांचं डोकं झाकलेलं! मुलीला काय करावं लागतं, तर लेडीज चेंज रूममध्ये स्वतःचा हिजाब काढून कंपनीचा हूड घालायचा, बस. मी पाठवलेल्या मुली हे रोज करतात. साध्या क्यूसी, म्हणजे औषधाचा दर्जा तपासायच्या, केमिकल लॅबमध्ये अडचण फक्त लोंबणाऱ्या टोकाची आणि सिंथेटिक कापडाची, बर्नर आणि सॉल्व्हंटजवळ ते धोक्याचं, म्हणून कॉटनचा छोटा हिजाब, टोकं एप्रनच्या आत, टाचण्या कमीत कमी. हा सेफ्टीचा नियम खरा आहे आणि तो मानलाच पाहिजे, मोकळ्या केसांना आणि ओढणीला जो नियम तोच याला.

तर पुढच्या वेळी कोणी जीएमपी म्हणालं तर तिने वाद घालायचा नाही, शांतपणे म्हणायचं, "सर, क्लीन एरियात मी तुमचा हूडच वापरणार, लॅबमध्ये कॉटन आणि टोकं आत, गाऊनिंगचा एसओपी मी फॉलो करेन." एसओपी म्हणजे कंपनीने लिहून ठरवलेली पद्धत. जो माणूस खरंच नियमाच्या काळजीने विचारत होता तो इथे थांबतो, मान हलवतो आणि पुढचा टेक्निकल प्रश्न विचारतो. जो दुसऱ्याच कारणाने विचारत होता तो मग नवं कारण काढतो, घरून परवानगी आहे का, सेकंड शिफ्टला पाठवतील का, लग्न झाल्यावर सोडणार का. तिथे तिला तिच्या हिशोबाचं उत्तर मिळतं, जे एरवी मिळत नाही. आणि इंटरव्ह्यूच्या आधी एचआरला दोन ओळींचा मेल करायला सांगा, मी हिजाब घालते, ड्रेस कोडबद्दल काही लेखी नियम असेल तर पाठवा. काही मुली म्हणतात याने आधीच पत्ता कट होईल. होतो कधी कधी. पण जिथे पत्ता कट होणारच होता तिथे जायचं भाडं, दिवस आणि तो एक तास वाचतो, आणि काही ठिकाणांहून इतकं साधं उत्तर येतं की काही प्रॉब्लेम नाही, या, की मुलगी अर्धी लढाई जिंकून आत जाते.

पीजी आणि घराचं तर काय सांगू. फोनवर सगळं ठरतं, बघायला गेलं की मालक गावाला गेलेले असतात. "सोसायटीचा नियम आहे", "फक्त व्हेज", "आम्हाला चालतं हो, बाकीचे मेंबर बोलतात". माझ्या अनुभवात नाव सांगितल्यावर नकार येतो तो निदान फोनवरच येतो, हिजाबवाल्या मुलीला तो दारात येतो, हातात बॅग असताना. तुमच्या मुलीला दुसऱ्या पीजीतून काढलं तेव्हा कारण दिलं की "बाकीच्या मुली अनकम्फर्टेबल आहेत", आणि त्याच मुलींनी तिला निघताना सामान खाली न्यायला मदत केली असं तुम्हीच लिहिलंय. मग अनकम्फर्टेबल कोण होतं? पुढच्या वेळी टोकन देण्याआधी नाव, नोकरी, हिजाब, नॉनव्हेज, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि त्यांचा होकारही लिखित घ्या. डिपॉझिट परत मिळवायला तोच मेसेज कामाला येतो. शक्यतो नोकरी करणाऱ्या मुलींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये जागा बघा, पीजीवाल्यापेक्षा तिथे जास्त माणुसकी दिसते असा माझा अनुभव.

दवाखान्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणार, कारण तिथे बाई सगळ्यात कमजोर अवस्थेत असते. माझ्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणात वॉर्डातली एक बाई तिला म्हणाली, "कितवं? तुमच्यात तर थांबायचं माहीतच नसतं." पहिलं होतं हो ते. कळा देत होती पोरगी, उत्तर काय देणार. मुंबईतल्या सेहत या संस्थेने सरकारी दवाखान्यांमधल्या अशा वागणुकीवर अभ्यास केलेला आहे, मुस्लिम बायकांशी बोलून, म्हणजे ही एकट्या माझ्या बहिणीची गोष्ट नाही. अशा ठिकाणी सोबत कोणीतरी पाहिजेच, आणि त्या सोबतच्या माणसाने बोलायचं, पेशंटने नाही. मी तेव्हा गप्प बसले होते, आज नसते बसले.

आणि मग ते दिवस. कुठे स्फोट झाला, हल्ला झाला, टीव्हीवर ती पट्टी फिरायला लागली की आमच्याकडे सगळ्यात आधी फोन फिरतात, आज बाहेर जाऊ नको. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांना मारलं, आपल्या डोंबिवलीची, पुण्याची माणसं गेली त्यात. माझी बहीण रडत होती बातमी बघून, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याने तिला बघून लिफ्ट सोडली, जिन्याने गेला. दुःख करायचासुद्धा हक्क आधी सिद्ध करायला लागतो, ते तिला फार लागलं. अशा आठवड्यात माझ्याकडच्या मुली वर्क फ्रॉम होम मागतात आणि कारण पोटदुखी सांगतात. मॅनेजर लोकांपैकी कोणी वाचत असेल तर एवढंच, त्या आठवड्यात तुमच्या टीममधल्या मुलीला नुसतं "बरी आहेस ना, संध्याकाळी स्टेशनपर्यंत सोबत जाऊ" एवढं म्हटलं तरी ती वर्षभर विसरत नाही.

चांगल्या माणसांचं पण बोलायला पाहिजे. "किती उकडत असेल ना गं", "आमच्यासमोर काढलास तरी चालेल", "वडील जबरदस्ती करतात का". ही माणसं आपली असतात, मैत्रिणी, बाई, सर. आमच्या पुरोगामी मंडळींपैकी काहीजण तर लगेच मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव काढतात. दलवाई मिरजोळीचे, आमच्या चिपळूणच्या बाजूचेच, १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांचा मोर्चा त्यांनी विधान भवनावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून, मला त्याचा अभिमान आहे. पण त्या बायका स्वतःचं म्हणणं घेऊन स्वतः चालत गेल्या होत्या ना. माझ्या बहिणीला ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडता उघडता तिच्या सुटकेबद्दल ऐकवणं याचा त्याच्याशी काही संबंध लागत नाही. आणि हो, दुसरी बाजू मी लपवणार नाही. आपल्याकडेही मुलींवर जबरदस्ती होते, मला हिजाब न घालण्यावरून नातेवाइकांनी काय काय ऐकवलंय ते मलाच माहीत, माझ्याकडे अशा मुलीही आल्यात ज्यांना घालायचा नव्हता आणि घरातून मार बसला. त्या मुलींसाठीही मी तितक्याच जोराने भांडते. दोन्हीकडची मुलगी मला एकच सांगते, मला कोणी विचारतच नाही.

कोर्टाचं विचारलंत, थोडक्यात सांगते. कर्नाटकातल्या उडुपीच्या सरकारी कॉलेजात हिजाब घालून वर्गात बसू न दिल्याचं प्रकरण २०२१ च्या शेवटी सुरू झालं, कर्नाटक हायकोर्टाने १५ मार्च २०२२ ला वर्गातली बंदी कायम ठेवली, सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं दोन दिशेला गेलं, न्या. हेमंत गुप्ता यांनी अपील फेटाळलं, न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा धरून बंदी रद्द करायचं म्हटलं, म्हणून ते मोठ्या खंडपीठाकडे गेलं. आपल्या चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजच्या मुली २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात हरल्या, मग ९ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी, बॅज यांच्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली, बुरखा वर्गात नाही असंही सांगितलं. कॉलेजचं म्हणणं होतं की मुलांचा धर्म दिसू नये, त्यावर कोर्टाने विचारलं की मग नावावरून कळत नाही का, टिकली-टिळ्याला बंदी घालणार का. ही सगळी कॉलेजची प्रकरणं आहेत. तुमच्या मुलीच्या खाजगी नोकरीला ती सरळ लागू होत नाहीत.

आणि कायद्याची खरी अडचण तीच आहे. घटनेचं कलम १५(१) आणि १६ सरकारला बांधतं. १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, रेस्टॉरंट येतात, तिथे धर्मावरून कोणाला अडवता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण खाजगी कंपनीने धर्मावरून नोकरी नाकारली तर त्याविरुद्ध थेट जाता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. शशी थरूर यांनी लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. घरांच्या बाबतीत तर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पारशी सोसायटीला सभासद फक्त पारशीच ठेवायची मुभा दिली, त्याचा आधार बाकीचेही घेऊ बघतात. हे मी तुम्हाला निराश करायला सांगत नाही. मुली माझ्याकडे येतात की केस टाकायची आहे, आणि मला त्यांना सांगावं लागतं की इंटरव्ह्यूच्या नकारावर केस उभी करणं जवळपास अशक्य आहे, ते आधीच माहीत असलेलं बरं.

पण अंगाला हात लागला तर गोष्ट वेगळी. कोणी हिजाब ओढला, तर तो विनयभंगाचा गुन्हा होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ७४, घाणेरडं बोललं किंवा हावभाव केले तर ७९, आणि धार्मिक भावना दुखवायच्या हेतूने मुद्दाम बोललं तर ३०२. पोलीस ठाण्यात हीच कलमं सांगा, ७४ आणि ७९ साठी तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. रस्त्यात ११२, रेल्वेत १३९. ट्रेनमध्ये डब्याचा आणि गाडीचा नंबर आधी बघून ठेवायची सवय लावा तिला.

तिला एक साधी वही करायला सांगा. तारीख, वेळ, जागा, समोरच्याने वापरलेले नेमके शब्द, शेजारी कोण होतं. मोबाइलमध्ये नको, वहीतच, हाताने. मी हे कोर्टासाठी सांगत नाही, कधी लागलं तर लागेल. मी सांगते ते त्या डोक्यातल्या हिशोबासाठी. लिहून ठेवलं की ते डोक्यात फिरत राहत नाही. आणि दोन महिन्यांनी वही चाळली की चित्र दिसतं, कुठली गोष्ट खरंच योगायोग होती आणि कुठली एकाच ठिकाणी चार वेळा झाली. माझ्याकडची एक मुलगी वही घेऊन एचआरकडे गेली, एकाच टीम लीडची सहा वाक्यं तारखेसकट, "आज दहशतवादी ड्रेस कुठेय" वगैरे, मस्करीत म्हणे. त्याची टीम बदलली. नोकरी गेली नाही त्याची, पण त्याने परत तोंड उघडलं नाही.

समोर कोणी काही बोललं तर काय म्हणायचं, याची दोन वाक्यं तयार ठेवावीत, कारण त्या क्षणी सुचत नाही आणि मग रात्री झोप लागत नाही. एक, "हे तुम्ही मला लिहून द्याल का?" दुसरं, "हे तुम्ही सगळ्यांना विचारता का?" आवाज न चढवता. आणि काही वेळा काहीच न बोलता निघून जावं, त्यात कमीपणा नाही, प्रत्येक वेळी सगळ्या कौमची वकिली करायचा ठेका तिने घेतलेला नाही.

कागदपत्रांचं पण एकदा बघून घ्या. पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही कडांनी चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, आधारलाही डोक्यावरचा स्कार्फ चालतो. कोणी ऑपरेटर "काढा" म्हणाला तर सुपरवायझरला बोलवायचं. पुढे परीक्षा द्यायच्या असतील तर नीटसारख्या ठिकाणी धार्मिक पेहराववाल्यांना लवकर येऊन तपासणी करून घ्यायला सांगतात, तसं तिथल्या सूचना वाचून तासभर आधी जावं, तपासणी महिलाच करतात.

आता तुम्ही काय करायचं. रात्री तिचा फोन आला आणि ती म्हणाली असं असं झालं, तर "कशावरून" हा शब्द तेवढा टाळा. "मग तू काय केलंस? जेवलीस का?" एवढं विचारा. ती मोकळी होऊन बोलली की तिलाच कळतं काय होतं ते. एकदा दोन दिवस पुण्याला जाऊन तिच्याबरोबर हिंडा, बसने, दुकानात, बँकेत, तुम्ही डोक्यावर पदर घेत असाल नसाल ते असू द्या, नुसतं बघा. माझ्या आईने हे केलं तेव्हापासून तिने बहिणीला परत कधी विचारलं नाही.

आणि तिचा सीव्ही मला पाठवा. पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस असेल तर आधी काढून टाका, फार्मा कंपनीला त्यातलं काहीही लागत नाही. तिने एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक तपासायच्या मशीनवर, हात चालवलाय का, किती महिने, आणि शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट कशावर होता, हे वर घ्यायला सांगा. चाकणच्या एका प्लांटमध्ये क्यूसीच्या दोन जागा आहेत, तिथली लॅब हेड मी आधी पाठवलेल्या एका हिजाबवाल्या मुलीबरोबर तीन वर्षं काम करतेय, सोमवारपर्यंत आला तर मी पुढे पाठवते.